थंड इंजिनाचे पहिले तीन सेकंद: एका जुन्या स्विफ्ट डिझेलची खरेदीपूर्व तपासणी

सासवडला राहणारं कुटुंब. घरातला एक जण हडपसरच्या पुढे नोकरीला, म्हणजे रोज दिवे घाट उतरायचा आणि संध्याकाळी चढायचा. दिवसाचं धावणं ५५ ते ६० किमी. दुरुस्तीसकट पावणेचार लाखांच्या आत बसणारी डिझेल गाडी हवी होती. हडपसरच्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे २०१४ ची मारुती स्विफ्ट व्हीडीआय मिळाली. दुसरा मालक, मीटरवर १,०८,४०० किमी, सांगितलेली किंमत ३,८५,०००. ती तपासून सांगायचं काम आमच्याकडे आलं.

ही गाडी, तिचे आकडे आणि सौदा नमुन्यादाखल मांडले आहेत. इंजिनाच्या खुणा आणि त्यामागची कारणं मात्र या इंजिनावर हात काळे केलेल्या कुठल्याही फिटरला लगेच ओळखू येतील.

इंजिन कोणतं, ते आधी

तपासणीला जायच्या आधी त्या इंजिनाची मर्मस्थानं माहीत हवीत. सगळ्या गाड्यांना एकच फूटपट्टी लावली की नको तिथे वेळ जातो आणि हवं ते सुटतं.

या स्विफ्टमध्ये १२४८ सीसीचं चार सिलिंडरचं कॉमन रेल डिझेल आहे. मूळ फियाटचं मल्टिजेट, मारुतीच्या भाषेत डीडीआयएस. ताकद ७५ पीएस, टॉर्क २००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर. हेच इंजिन टाटाच्या इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट नावाने आलं, फियाटच्या पुंटोत आणि लिनियातही होतं. पुण्याजवळ रांजणगावच्या फियाट कारखान्यात ते बनायचं आणि २०१२ मध्ये मारुतीनेही तिथून इंजिनं घ्यायचा करार केला होता. १ एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. तरी आजही पार्ट सहज मिळतात आणि हे इंजिन उघडलेला मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सापडतो.

क्रँक आणि कॅम हे दोन शाफ्ट जोडून व्हॉल्व्हची वेळ सांभाळायला या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. त्यामुळे विकणारा हमखास सांगतो, ‘चेन आहे, बदलायची भानगडच नाही.’ हे अर्धंच खरं आहे. चेन बारीक आणि एकपदरी आहे, आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल वेळेवर बदललेलं असेल तर चेन दोन लाख किमीही जाते. ऑइल रखडलं तर लाखाच्या आतही सैल होते. सैल चेन एखादा दात उडाली की व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात, रॉकर तुटतात आणि हेड उतरवायची वेळ येते. म्हणून या इंजिनात सगळ्यात आधी चेन बघायची, आणि चेनची खरी अवस्था इंजिन थंड असतानाच कळते.

पहिली भेट: गाडी गरम मिळाली

सकाळी अकराला गाडी धुऊन-पुसून, इंजिनावर पॉलिश मारून उभी होती. बॉनेटला हात लावला तर कोमट. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लावला तर कूलंटचं तापमान ५८ अंश, बाहेरची हवा २४. ‘जागा बदलायला आत्ताच काढली होती’ असं उत्तर आलं. ते खरंही असेल. पण त्या दिवशी इंजिनाची तपासणी तिथेच थांबवली.

गरम इंजिन बरंच काही झाकतं. टेन्शनरमध्ये ऑइल भरलेलं असतं, त्यामुळे सैल चेनसुद्धा गप्प राहते. सिलिंडर तापलेले असल्याने, थंड सिलिंडर तापवणारे हीटर प्लग मेलेले असले तरी अर्ध्या सेल्फला गाडी चालू होते. कमी कॉम्प्रेशनमुळे येणारा पांढरा धूर दिसत नाही. रात्रभर सिलिंडरमध्ये पाझरलेल्या ऑइलचा निळा भपका केव्हाच उडून गेलेला असतो. बॅटरी नुकतीच चार्ज झालेली, त्यामुळे तीही धडधाकट वाटते. अशा गाडीला कितीही रेस देऊन ऐका, हाती काही लागत नाही.

मग त्या भेटीत थंड-गरमाशी संबंध नसलेली कामं उरकली. आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळवला. कर्जाचा बोजा आहे का ते वाहन पोर्टलवर पाहिलं. आणि गाडीच्या नंबरावरून अधिकृत वर्कशॉपमधली सर्व्हिस हिस्टरी काढून घेतली. सगळ्यात मोलाचा कागद तोच निघाला. ६२,००० किमीपर्यंत दर १०,००० ला नोंद, मग एकदम ९१,००० ला. मधल्या २९,००० किमीचं एकही बिल नाही. ‘बाहेर करत होते सर्व्हिस’ एवढंच उत्तर. बाहेर केली असेलही, पण या इंजिनात २९,००० किमी ऑइल न बदलता गेले असण्याची शंका सरळ चेनकडे बोट दाखवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातची वेळ ठरवली आणि स्पष्ट सांगितलं, आम्ही येईपर्यंत गाडीला चावी लावायची नाही.

दुसरी भेट: चावी लावण्याआधी

डिसेंबरची सकाळ, हवा १३ अंश. डीलरने पहाटे गाडी फिरवून ठेवली असेल तर? हे ओळखायची सोपी युक्ती आहे. ओबीडी स्कॅनर लावा, चावी फक्त ‘ऑन’ करा, इंजिन चालू करू नका आणि दोन आकडे वाचा: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे असतात. इथे कूलंट १४, हवा १३. म्हणजे गाडी खरोखर थंड होती. स्कॅनर नसेल तर टॅपेट कव्हरवर आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर तळवा ठेवा. पहाटे चालवलेल्या डिझेल इंजिनाची ऊब दोन-तीन तास जात नाही.

चावी ऑन असतानाच डॅशबोर्ड बघा. इंजिनाचा पिवळा दिवा, ऑइलचा लाल दिवा आणि हीटर प्लगची स्प्रिंगसारखी खूण, तिन्ही पेटायलाच हवेत. इंजिनाचा दिवा पेटलाच नाही तर तो कुणीतरी काढून ठेवलेला असू शकतो. इथे तिन्ही पेटले. स्कॅनरवर बिघाडाचा एकही कोड नव्हता. मात्र त्याच स्कॅनरमध्ये कोड पुसल्यानंतर गाडी किती चालली तेही दिसतं, आणि ते होतं १९ किमी. एक लाख आठ हजार चाललेल्या गाडीचे कोड १९ किमीपूर्वी कुणी आणि का पुसले, हा प्रश्न वहीत लिहून ठेवला. त्याचं उत्तर रस्त्यावर मिळालं.

ऑइलची पट्टी काढली. लेव्हल दोन खुणांच्या मधोमध. ऑइल काळंकुट्ट, पण त्यावर घाबरू नये. डिझेलमध्ये नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं होतं, आणि विकण्याआधी बदललेलं मधाळ रंगाचं ऑइल उलट संशय वाढवतं. रंगापेक्षा तीन गोष्टी बघायच्या. बोटांत चोळून खरखर लागते का? डिझेलचा वास येतो का? लेव्हल वरच्या खुणेच्याही वर गेली आहे का? शेवटच्या दोन असतील तर एखादा नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा इंजेक्टर) गळतो आहे आणि डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतं आहे. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं. इथे त्यातलं काही नव्हतं.

ऑइल भरायचं झाकण उघडून आत टॉर्च मारला. दिसणाऱ्या भागावर तांबूस-तपकिरी लेप होता, पण बोटाने खरवडून निघेल असा काळ्या डांबराचा थर नव्हता. हा फरक फार महत्त्वाचा. लेप म्हणजे ऑइल काही काळ उशिरा बदललं गेलं. थर म्हणजे ऑइलच्या बारीक वाटा बुजायला लागल्या, आणि तशा गाडीवर पुढे एक मिनिटही घालवू नये. झाकणाच्या आतल्या बाजूला लोण्यासारखा पिवळसर फेस असेल तर ऑइलमध्ये पाणी गेल्याची शंका घ्यावी. हिवाळ्यात फक्त गल्लीत फिरणाऱ्या गाडीत मात्र तो नुसत्या दवानेही जमतो, तेव्हा तो कूलंटच्या टाकीसोबत ताडून पाहावा.

कूलंटची टाकी उघडली, थंड होती म्हणूनच. पाणी गंजट लालसर होतं. कूलंट संपल्यावर कुणीतरी साधं नळाचं पाणी ओतत राहिलं होतं. वर तेलाचा तवंग नव्हता, ही चांगली बाजू.

वरचं प्लास्टिकचं कव्हर काढल्यावर चारही नोझलांची बुडं दिसली. एक, दोन, चार कोरडी. तीन नंबरच्या बुडाशी काळं, चकचकीत, जळक्या डांबरासारखं काहीतरी साचलेलं. नोझलखालचा तांब्याचा वॉशर सील सोडतो तेव्हा सिलिंडरमधला जळका वायू तिथून वर येतो आणि अशी काजळी थापतो. सुरुवातीला ते काम शेकड्यांत होतं. वर्षभर तसंच राहिलं की ती काजळी नोझलभोवती सिमेंटसारखी घट्ट होते आणि नोझल काढताना मोडायची वेळ येते. इंजिन धुऊन पॉलिश केलं होतं तरी ही जागा सुटली, कारण कव्हरखाली ब्रश पोचला नव्हता.

बॅटरी १२.५ व्होल्ट.

सेल्फ

एक माणूस बॉनेटपाशी टायमिंग कव्हरच्या बाजूला फोनवर आवाज रेकॉर्ड करत उभा, दुसरा सायलेन्सरमागे, तिसरा चावीवर. ही विभागणी आधीच ठरवून घ्यावी, कारण पहिले तीन सेकंद पुन्हा मिळत नाहीत. ते हुकले तर परत दुसऱ्या दिवशी सकाळी यावं लागतं.

हीटरची खूण विझली, सेल्फ मारला. सेल्फचा ठेका चारही सिलिंडरांवर सारखा पडला. एखाद्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं असेल तर दर चौथ्या ठोक्याला सेल्फ हलका होऊन पळतो, ते कानालाही कळतं. व्होल्टेज १०.४ पर्यंत उतरलं, म्हणजे बॅटरी ठीक. दीड सेकंदात इंजिन धरलं.

आणि त्याच क्षणी टायमिंग कव्हरच्या आतून पत्र्याच्या डब्यात साखळी हलवावी तशी खडखड आली. मोजून तीन सेकंद. मग ऑइलचा दाब पोचला आणि आवाज बंद.

थंडीत रात्रभर उभ्या इंजिनात क्षणभर खडखड होऊन थांबणं समजू शकतं. टेन्शनरमधलं ऑइल खाली उतरलेलं असतं आणि ते भरायला तेवढा वेळ लागतो. तीन सेकंद म्हणजे चेनचा ढिलेपणा त्याच्या पलीकडे गेलेला आहे. शंका नको म्हणून इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारला. एकदम शांत. आदल्या दिवशी अकरा वाजता हीच शांतता ऐकवली गेली होती.

या आवाजाची दुसऱ्यांशी गल्लत करू नये. नोझलचा टकटकाट थंडीत जास्त आणि तापल्यावर कमी होतो, पण तो ठेक्यात असतो, खडखडत नाही. टॅपेटचा टिकटिक आवाज वरून येतो. या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असल्याने ते सेट करायचे नसतात, त्यामुळे तापल्यावरही टिकटिक राहिली तर ऑइलचा दाब किंवा वाटा तपासायच्या. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज खोल, दणदणीत आणि लोड दिल्यावर वाढणारा. तो ऐकू आला तर गाडी तिथेच सोडायची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कव्हरवर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवली की आवाजाची जागा नेमकी कळते. फिरत्या बेल्टपासून हात आणि सैल बाही लांब ठेवा.

सायलेन्सरमागच्या माणसाने पांढरट धूर सांगितला, दहा-बारा सेकंदांत गेला. १३ अंशात तो चालतो. तापल्यावरही पांढरा धूर राहून डोळ्यांना झोंबत असेल तर ते न जळलेलं डिझेल. वाफेसारखा, गोडसर वासाचा असेल तर कूलंट जळतं आहे आणि हेड गॅस्केटकडे जायचं. निळा म्हणजे ऑइल.

तापत असताना

पहिल्या मिनिटातच रेडिएटरचा वरचा होज दाबून पाहिला. मऊ होता. पाणी अजून थंड असताना होज फुगून दगडासारखा झाला, तर सिलिंडरचा दाब कूलंटमध्ये शिरतो आहे असं समजावं. टाकीत सतत बुडबुडे येणं हीही तीच खूण.

पाच मिनिटांनी ऑइलचं झाकण सैल करून नुसतं टेकवून ठेवलं. थोडं थरथरलं, एका जागी राहिलं. इथे पेट्रोलची सवय असलेले फसतात. पेट्रोल इंजिनात आत ओढ असते, झाकण किंचित चिकटतं. डिझेलला तशी ओढ नसते, त्यामुळे थोडी वाफ आणि हलका फुत्कार साहजिक आहे. झाकण नाचायला लागलं, उडालं, किंवा पट्टीच्या नळीतून ठेक्यात धूर यायला लागला की मेकॅनिक म्हणतात ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’. म्हणजे रिंगा गेल्या आणि इंजिनाचं काम निघालं. या गाडीच्या रिंगा ठीक होत्या.

तीन नंबरच्या नोझलच्या बुडाशी साबणाचं पाणी टाकलं आणि हलकी रेस दिली. बुडबुडे. वॉशर गेल्याचं पक्कं झालं.

चार्जिंग १४.१ व्होल्ट. टर्बोकडे जाणारा हवेचा होज इंजिन बंद करून सोडवला, आतली पाती बोटाने फिरवली. आडवी किंचित हालचाल होती, ती असतेच, कारण शाफ्ट ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. पुढे-मागे मात्र जाणवण्याइतकी हालचाल नको, आणि पात्याची कड आतल्या भिंतीला घासलेली नको. दोन्ही नव्हतं. टर्बोनंतरच्या पाइपात तेलाचा ओलसरपणा होता, पण वाटीभर तेल साचलेलं नव्हतं.

दिवे घाट

रस्त्याची चाचणी गाडी रोज जिथे चालणार तिथेच घ्यावी. हडपसरहून फुरसुंगीमार्गे दिवे घाट चढून सासवड आणि परत, फेरफटक्यासह ४६ किमी.

या इंजिनात २००० आरपीएमच्या खाली टर्बो जागा होत नाही, गाडी जड वाटते. तो दोष नाही, स्वभाव आहे, त्यावरून किंमत पाडायला जाऊ नये. बघायचं ते असं: तिसऱ्या गिअरमध्ये १८०० पासून पूर्ण पेडल, आणि ३५०० पर्यंत ताकद एकसारखी वाढते का. मध्येच धक्का, शिट्टीचा सायरन किंवा ‘लिंप’ होऊन ताकद जाणं नको. घाटाच्या चढावर गाडीने पिकअप दिला, पण मागे काळा धूर जास्त होता. घाटमाथ्यावर तापमान ९२ अंश, तिथेच टिकलं. उतारावर गिअरमध्ये पेडल सोडून खाली येऊन पुन्हा रेस दिली. निळा भपका आला नाही, म्हणजे ऑइल जळण्याची खूण नव्हती. चौथ्या गिअरमध्ये चढावर क्लच घसरत नव्हता.

परत आल्यावर स्कॅनर पुन्हा लावला. आता एक पेंडिंग, म्हणजे अजून पक्का न झालेला कोड उभा होता: पी०४०१, ईजीआरचा प्रवाह कमी. पुसलेल्या कोडचं उत्तर हे. ईजीआर म्हणजे जळक्या वायूची सायलेन्सरकडून परत इंजिनात जाणारी वाट, ती काजळीने भरली होती. पीयूसी सेंटरवर समोर नवी चाचणी करून घेतली. रेस देऊन मोजलेला धुराच्या दाटपणाचा आकडा १.४१ आला. बीएस-४ डिझेलची मर्यादा १.६२ आहे. गाडी पास, पण निरोगी इंजिनासाठी आकडा वरचाच.

चेनशी संबंधित कोड पी००१६, तो आला नाही. विकणाऱ्याने त्यावर बोट ठेवलं, ‘बघा, चेनचा कोड नाही.’ क्रँक आणि कॅम यांच्यातला फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला तरच हा कोड पडतो. चेन त्याच्या खूप आधी आवाज करायला लागते. कोड असणं हा पुरावा आहे, नसणं हा नाही.

पैसे देण्याआधी ऑइल उतरवलं

सौद्याआधी डीलरपुढे एक अट ठेवली: ऑइल आणि फिल्टर आमच्या खर्चाने, ओळखीच्या गॅरेजमध्ये, आमच्यासमोर बदलायचा. गाडी घेतली नाही तरी नवं ऑइल त्यांनाच राहील. सुमारे ३ लिटर ऑइल आणि एक फिल्टर एवढ्या खर्चात इंजिनाच्या पोटातलं बघायला मिळतं, म्हणून ही अट घालायला संकोच करू नये. बरेच डीलर तयार होतात.

या इंजिनाचा फिल्टर कागदी, घरात बसणारा आहे. तो काढून निथळू दिला, कागदाच्या घड्या वर्तमानपत्रावर एकेक उलगडल्या. काळी काजळी होती, ती डिझेलमध्ये असायचीच. तांबूस किंवा चांदीसारखे चमकणारे कण शोधले, ते बेअरिंगचे असतात. उन्हात तिरकं धरून पाहिलं, नव्हते. पण दोन घड्यांच्या मध्ये तांदळाच्या कणीएवढे तीन तपकिरी तुकडे सापडले. नखाने दाबले तर मोडले नाहीत, वाकले. प्लास्टिक. इंजिनाच्या आत ऑइलमध्ये असं प्लास्टिक यायची जागा एकच: चेन ज्या गाइडवर घासत जाते ते गाइड. आवाजाने जे सांगितलं होतं ते आता वर्तमानपत्रावर पडलं होतं.

कॉम्प्रेशन टेस्ट केली नाही. सेल्फचा ठेका सारखा होता, बॅक कॉम्प्रेशन नव्हतं, आणि या टेस्टसाठी हीटर प्लग काढावे लागतात. जुने प्लग ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये मोडण्याचा धोका असतो, तो दुसऱ्याच्या गाडीवर घ्यायचा नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी डिझेलचाच, ४० बारपर्यंतचा गेज वापरावा. २५ ते ३० बार आणि सिलिंडरांतला फरक ३ बारच्या आत असावा. नोझलांची रिटर्न टेस्ट मात्र केली: चारही नोझलांच्या रिटर्नला बाटल्या लावून तीन मिनिटं आयडल. एखाद्या बाटलीत बाकीच्यांच्या दुपटीने डिझेल आलं की तो नोझल झिजलेला. इथे चारही जवळपास सारख्या भरल्या.

घ्यायची का?

आमचं मत ‘घ्यावी’ असं पडलं, आणि ते चेन खराब असूनही. चेनचं काम मोठं आहे, पण त्याला शेवट आहे. रिंगा, हेड, टर्बो, बेअरिंग यांतलं काहीही गेलं असतं तर खर्चाला तळ राहिला नसता. झाकणाखाली डांबराचा थर असता किंवा फिल्टरमध्ये चमकणारे कण असते, तर याच चेनच्या आवाजावर आम्ही गाडी नाकारायला सांगितलं असतं.

गॅरेजचा अंदाज असा: चेन किट, मजुरी, सील आणि ऑइल मिळून सुमारे १८,०००, तीन नंबरच्या नोझलचा वॉशर आणि त्याची बसायची जागा (सीट) साफ करणं ३,०००, ईजीआर साफ करणं २,५००, कूलिंग फ्लश आणि नवं कूलंट २,०००. एकूण २५,५००. नोझल अडकला तर दहा-बारा हजार वेगळे. रेकॉर्ड केलेला आवाज आणि ते तीन तुकडे टेबलावर ठेवून बोलणी झाली आणि किंमत ३,४५,००० ला ठरली. दुरुस्तीसकट ३,७०,५००. नोझल अडकला असता तर बजेट थोडं ओलांडलं असतं, ते घरच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घेतल्या.

गाडी ताब्यात आल्यावर ती घरी नेली नाही, थेट गॅरेजला. चेनचं काम होईपर्यंत तिला धक्का स्टार्ट द्यायचा नाही, उतारावर गिअरच्या भरवशावर उभी करायची नाही, हेही बजावलं. सैल चेन असताना इंजिनाला झटका बसला किंवा ते उलटं ओढलं गेलं तर दात सुटू शकतो.

चेन काढायला ऑइल चेंबर आणि पुढचं कव्हर दोन्ही उतरवावं लागतं. क्रँक आणि कॅम लॉक करायची हत्यारं ज्या गॅरेजकडे नाहीत, खुणा मारून काम करतात, तिथे हे काम देऊ नये. जुनी चेन नव्या चेनशेजारी खिळ्याला टांगली तर काही मिलिमीटर लांब भरली. लोखंड ताणलं जात नाही. काजळीने भरलेलं जुनं ऑइल पॉलिश पेपरसारखं वागतं, प्रत्येक कडीची पिन थोडी थोडी झिजते, आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून चेन लांब होते. गाइडवर चेनने दोन खोल चर पाडले होते, एका कडेचा टवका गेलेला. टेन्शनरची दांडी जवळपास पूर्ण बाहेर आलेली. चेंबरमधली ऑइल ओढणारी जाळी पाव हिस्सा बुजली होती, तिथे प्लास्टिकचे आणखी तुकडे निघाले. चेंबर उतरवलाच आहे तर जाळी धुतल्याशिवाय परत चढवू देऊ नका.

नोझल सुदैवाने निघाला. रात्रभर गंज सोडवणारं तेल मुरवून, फिरवत फिरवत, आणि कुठेही स्क्रूड्रायव्हरने उचकटल्याशिवाय. सीट कटरने साफ करून नवा वॉशर बसवला. जुना वॉशर पुन्हा कधी बसवायचा नाही.

इंजिन फ्लशचं केमिकल वापरलं नाही. ते लेप सोडवतं आणि सोडवलेला लेप जाळीत अडकतो. त्याऐवजी नवं ऑइल १,५०० किमीवर फिल्टरसह पुन्हा बदललं. त्या दिवशी पीयूसीचा आकडा ०.७८ आला, फिल्टरच्या घड्यांमध्ये फक्त काजळी होती, आणि सकाळच्या पहिल्या सेल्फला टायमिंग कव्हर एका क्षणात शांत झालं.